सोयाबीनखालून जाणारा रस्ता

बत्तीस वर्षं मी जमिनी मोजल्या आणि एकाही शिवारात कधी वाट चुकलो नाही, असं मी जावयाला सांगितलं तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. पावणेदहाला आम्ही दोघं एका सोयाबीनच्या पिकात उभे होतो, गाडी चिखलात होती आणि रस्ता कुठंच नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायलाही बसलो नसतो. वाट चुकणं हा काही गुन्हा नाही. पण तो अधिक श्रावणाचा, म्हणजे धोंड्याच्या महिन्याचा, शेवटचा दिवस होता आणि माझ्या शेजारी चिखलात उभा असलेला माणूस आमचा एकुलता एक जावई होता. ज्यांच्या घरी मुलगी आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना, आमच्या स्वातीच्या लग्नानंतरचा पहिलाच. जावयाला घरी बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, पाटावर बसवून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. त्या दिवसापुरता तो साक्षात नारायण. आमच्या नारायणाला लातूरला मुलांच्या परीक्षा होत्या, तास होते, रजा नव्हती. असं करता करता महिना सरला आणि हातात उरली ती अमावस्या.

"सूर्य मावळला की महिना संपला," माझी बायको शोभा मला आदल्या रात्री म्हणाली. "मग माझे धोंडे म्हणजे नुसतं उकडलेलं पुरण. उद्या बारा वाजता जावई पाटावर पाहिजेत."

"तू अकरालाच पाट मांड," मी म्हणालो. (माझ्या जिभेला हाड नाही हे मला तेव्हाही माहीत होतं.)

जावईबापू मूळचे मुरुडचे, जवळच लातूरला भौतिकशास्त्र शिकवतात. नाव प्रशांत, आणि स्वभावही तसाच. काहीही झालं तरी "हरकत नाही, मामा" एवढंच म्हणतात. त्यांच्या भागात जंगल असं नाही. आडतीवर पोत्यांची थप्पी दिसली तरी तिला डोंगर म्हणावं अशी परिस्थिती. त्यामुळं सहस्रकुंडचा धबधबा आणि किनवटकडचं सागाचं रान एकदा बघायचं, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. हदगावहून पहाटे सहाला निघायचं, धबधबा बघायचा आणि अकराच्या आत घरी, असं ठरलं. स्वाती आईला अनारसे तळू लागायला घरी थांबली. निघताना शोभानं जावयाला फक्त कपभर चहा दिला.

"बिस्किटं नाही द्यायची?" मी विचारलं.

"पोट मोकळं राहू द्या त्यांचं. एकवीस धोंडे करणार आहे मी."

धबधबा छान बघून झाला. जावयांनी फोटो काढले, काठावर उभं राहून पाणी किती वेगानं पडतं याचं गणित मला समजावलं, आणि साडेआठला आम्ही परतीला निघालो. इथं माझ्यातला मोजणीवाला जागा झाला. निवृत्त झालो तरी तो माझ्यात भाड्यानं राहतोच, खोली सोडत नाही.

"मेन रोडनं कशाला जायचं?" मी म्हणालो. "या डोंगरातून एक गाडीवाट उतरते. थेट डांबरीला लागते. निम्मं अंतर वाचतं आणि खरं जंगल बघायला मिळतं."

जावयांनी मोबाईल पुढं धरला. "मामा, यात तर तसा रस्ता दिसत नाही."

"मोबाईलनं कधी उन्हात मोजणीची साखळी ओढली आहे का?" मी विचारलं. "तीस वर्षांपूर्वी हे सगळं शिवार मी स्वतः मोजलंय. गावनकाशावर दोन तुटक रेघा शेजारी शेजारी असल्या म्हणजे गाडीवाट. त्या रेघा अजून माझ्या डोळ्यांपुढं आहेत."

"हरकत नाही, मामा," जावई म्हणाले आणि त्यांनी चार महिन्यांची, पांढरीशुभ्र, हप्त्याहप्त्यानं पुसलेली गाडी माझ्या डोळ्यांपुढच्या रेघांवर घातली.

पहिले तीन किलोमीटर मी फार उत्तम माणूस होतो. दोन्ही बाजूंना साग, त्याची ताटाएवढी पानं, मध्येच रस्ता ओलांडणारी वानरं. मी झाडांची नावं सांगत होतो, मोजणीच्या वेळच्या गोष्टी सांगत होतो, अस्वलानं आमच्या शिपायाची भाकरी कशी पळवली तेही सांगितलं. मग डांबर संपलं. मुरूम लागला. मुरूम संपून गोटे लागले. गोटे संपले आणि एक ओढा लागला, त्यात गाडीचं पोट खालून असं खरवडलं गेलं की जावयांनी डोळे मिटून घेतले. गाडी तेच चालवत होते म्हणून मी जरा घाबरलो.

ओढ्यापलीकडं एक म्हातारबा शेळ्या चारत होते. मी काच खाली केली.

"बाबा, पुढं रस्ता आहे ना?"

"हाव. हाय की."

"गाडी जाईल?"

म्हाताऱ्यानं गाडीला एक फेरी मारली, वाकून चाकं बघितली. "जायाला जाईल. माघारी येनं न्हाई व्हायचं."

कुठल्याही शहाण्या माणसानं यातलं दुसरं वाक्य ऐकलं असतं. मी पहिलं ऐकलं.

आणखी अर्धा किलोमीटर गेल्यावर वाट एका वळणावर आली आणि संपली. म्हणजे हळूहळू वगैरे नाही, सरळ संपली. समोर सोयाबीन. गुडघ्यापर्यंत वाढलेलं, हिरवंगार, डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेलं. जावयांनी ब्रेक लावला आणि माझ्याकडं बघितलं. मी नकाशाकडं, म्हणजे स्वतःच्या डोक्यात, बघितलं.

"रस्ता इथंच आहे," मी म्हणालो. "फक्त त्याच्यावर सोयाबीन आहे."

"मग आता?"

"थोडं डावीकडच्या गवतावर घ्या. कडेकडेनं जाऊ."

ते गवत नव्हतं. गवताखाली काळी माती होती आणि काळ्या मातीला श्रावणात किती पाणी लागलेलं असतं हे मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागू नये. डावं चाक आत गेलं. जावयांनी जोर दिला तसं उजवंही गेलं. गाडी दाराच्या पायरीपर्यंत खाली बसली, अगदी सावकाश, म्हैस डबक्यात बसते तशी.

दुसरा एखादा सासरा इथं मदत शोधायला निघाला असता. मला मात्र त्या सोयाबीनचा राग आला. सरकारी गाडीवाट कुणीतरी नांगरून खाल्ली होती, आणि तीही मी मोजलेली! माझ्या खांद्याच्या पिशवीत टेप कायम असतो. (बायको म्हणते, लोक पिशवीत पाण्याची बाटली ठेवतात.) मी टेप काढला.

"जावईबापू, हे शून्याचं टोक धरा आणि त्या विहिरीच्या कठड्यापाशी जा."

"मामा, आपण आधी घरी फोन करायचा का?"

"पाचच मिनिटं. रस्ता सापडला की गाडी आपोआप निघते."

कशी निघते, हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. भौतिकशास्त्राचा तो शांत माणूस उपाशीपोटी, पांढरा शर्ट घालून, घोट्यापर्यंत चिखलात उतरला आणि शून्य धरून विहिरीपाशी उभा राहिला. मी शिवेच्या जुन्या दगडापासून विहिरीपर्यंत मोजलं, तिथून लिंबापर्यंत मोजलं, मग आडवं मोजलं. दोनदा त्यांना शून्य बरोबर धरलं नाही म्हणून बोललोही. घरी ज्यांच्या पायांसाठी ताम्हन घासून ठेवलं होतं त्यांना मी म्हणालो, "हात स्थिर ठेवा हो, शाळेतली पोरं बरी!" आज आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात.

तेवढ्यात आवाज आला. "कोन हाय रं वावरात?"

हातात काठी घेऊन एक साठीचे गृहस्थ येत होते. वावर त्यांचं होतं हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं. मी त्यांना बोलू दिलंच नाही.

"हे वावर तुमचं का? तुम्ही गाडीवाट नांगरलीय. हे बघा, या लिंबापासून त्या बांधापर्यंत सगळी वाट तुमच्या सोयाबीनखाली आहे. आणि हा हद्दीचा दगड बघा. वाटेच्या अलीकडं पाहिजे होता, कुणातरी मूर्खानं पलीकडं रोवलाय."

गृहस्थ काठी टेकून माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचं तोंड खुललं.

"मोजनीवाले सायेब न्हवं का तुमी?"

"हो. तुम्ही कसं ओळखलं?"

"सायेब, त्यो दगड तुमीच रोवला की."

विहिरीपाशी जावयांच्या हातून शून्य सुटलं.

"मी?" मी म्हणालो.

"मी गंगाराम. आमच्या बापानं मोजनी मांडली होती. पुरनपोळी केलती त्या दिशी. तुमी जेवले, मंग त्या बाभळीखाली निजले. तीन वाजता उठून आले अन् म्हनले, हितं दगडाची खून रोवा. आमी रोवली. तुमच्या खुनंपस्तोर नांगरलं, एक बोट फुडं न्हाई." त्यांनी दगडावरची माती मोठ्या आदरानं हातानं झाडली. "बाप मरोस्तर म्हनायचा, सायेबानं लई भलं केलं."

मी टेप गुंडाळायला घेतला. गुंडाळायला नेहमी अर्धं मिनिट लागतं, त्या दिवशी मी पाच मिनिटं लावली. ज्या वाटेसाठी मी जावयाला इथवर आणलं ती वाट मीच तीस वर्षांपूर्वी, पोळ्यांच्या सुस्तीत, एका सहीनिशी संपवली होती.

"हरकत नाही, मामा," जावई लांबून म्हणाले. त्यांच्या आवाजात या वेळी थोडीशी हरकत होती.

गंगारामांनी गाडीची अवस्था बघितली आणि डोकं खाजवलं.

"ट्रॅक्टर बोलवा," मी म्हणालो.

"हाय की ट्रॅक्टर गावात. पर गाव हाय सोयाबीनच्या पल्याड, येईल कुठून? रस्ता कुठं हाय?"

मी सोयाबीनकडं पाठ फिरवली.

"मग बैल लावा."

"आज अमुशा, सायेब. आज बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत. तुमाला मालूम न्हाई का?"

मालूम होतं. आमच्या घरीही कधी ठेवलं नाही. राहिली माणसं. गंगाराम म्हणाले, माणसं मिळतील, दहा-बारा जण सहज येतील, अमावस्येमुळं सगळे घरीच आहेत. पण आज घरोघरी जावई आलेत, धोंड्याची जेवणं उरकल्याशिवाय कुणी पाटावरून उठणार नाही. तीनच्या आत काही होत नाही.

घड्याळात साडेअकरा झाले होते. मोबाईलला रेंज फक्त एका खडकावर मिळत होती, तिथं चढून मी शोभाला फोन लावला.

"कुठवर आलात?" तिनं विचारलं. मागं तुपाचा चरचर आवाज येत होता.

"निघालोय. आलोच," मी म्हणालो. हे वाक्य खोटं नव्हतं. निघालो तर होतोच, सहा वाजता.

"पाट मांडलाय. रांगोळी काढलीय. स्वाती नवं लुगडं नेसलीय. उशीर करू नका हो, वाफेवरचे गरम आहेत तोवर चव असते."

मी फोन ठेवला. खडकावर उभा असलेला माणूस किती हलकट दिसतो हे त्या दिवशी मला आतून कळलं. एकुलती एक मुलगी, पहिला धोंडा, आणि ही बाई पहाटे चारपासून चुलीपुढं उभी. तिचं सगळं मी एका टेपानं मोडून ठेवलं होतं.

गंगाराम आम्हाला आखाड्यावर घेऊन गेले. आखाडा म्हणजे आमच्याकडं वावरातलं घर. दारात त्यांच्या पत्नी सुंदराबाई पदरानं डोळे पुसत बसल्या होत्या. मला वाटलं, धूर असेल. धूर नव्हता. त्यांचा जावई पुण्याला कंपनीत. येतो येतो म्हणत शेवटी सकाळी फोन आला, रजा मिळाली नाही. आत चुलीवर धोंड्यांचं पातेलं झाकून ठेवलेलं, पितळी दिवा उजळून ठेवलेला, अनारशांचा डबा भरलेला, पाट मांडलेला. पाटावर बसायला मात्र कुणी नव्हतं.

सुंदराबाईंनी मान वर करून बघितलं. दारात एक तरुण, चिखलानं माखलेला, भुकेनं चेहरा उतरलेला, हात जोडून उभा.

"हे कोन?"

"सायेबाचे जावई," गंगाराम म्हणाले. "हदगावला धोंडे खायाला निघाले होते. गाडी फसली. सकाळपसून उपाशी हायत."

त्या बाई ताडकन उठल्या. "माय! नारायन चालत आला म्हना की."

धोका माझ्या लक्षात आला. "वहिनी, नाही नाही. यांना आज घरीच जेवायचंय. आमचा पहिला धोंडा आहे. आमची मंडळी वाट बघत बसलीत."

"अन् मी कुनाची वाट बघून राहिले सकाळपसून?" त्या म्हणाल्या. "अमुशेच्या दिशी नारायन दारात आला अन् माझ्या हातचं न खाता गेला, तर माझ्या लेकीला काय वाटंल?"

मी जावयांकडं बघितलं. जावई पातेल्याकडं बघत होते. झाकणाच्या फटीतून पुरणाचा आणि वेलचीचा वास येत होता, आणि त्या माणसाच्या पोटात पहाटेच्या साडेपाचपासून कपभर चहा होता.

"मामा," ते हळूच म्हणाले, "एकच खातो. मन राखायला."

सुंदराबाईंनी त्यांचे पाय धुतले. हा विधी होता की गरज, हे ठरवणं अवघड होतं, कारण तीन घागरी पाणी लागलं. कपाळाला कुंकू लावलं, वर भरपूर अक्षता चिकटवल्या, दिवा ओवाळला, टॉवेल-टोपी दिली. टोपी पुण्याच्या जावयाच्या मापाची असल्यामुळं कानांवर आली. मग ताट आलं. धोंड्यावर त्यांनी इतकं तूप सोडलं की मी नजर दुसरीकडं वळवली.

जावयांनी मन राखायला एक खाल्ला. दुसरा चव लागली म्हणून. तिसऱ्यानंतर त्यांनी माझ्याकडं बघणं सोडून दिलं. सात! सात धोंडे खाल्ले त्या नारायणानं, आणि प्रत्येक धोंड्यागणिक त्या बाईंचा चेहरा उजळत गेला. मला फार वाईट वाटत होतं आणि तितकंच बरंही वाटत होतं. असं एकाच वेळी वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

नंतर माझंही ताट वाढायला घेतलं, तेव्हा गंगाराम आत वाकून म्हणाले, "सायेबाला बेतानं वाढ. मागच्या बारीला झोप आलती."

साडेतीनला माणसं आली. बाराही जण पोटभर पुरण खाऊन आलेले. "जोर लावा" म्हटलं की आधी सगळे ढेकर देत. जावईही टोपी सावरत ढकलायला उभे राहिले आणि सात धोंड्यांमुळं त्यांना वाकता येईना. चौथ्या खेपेला गाडी बाहेर आली. सुंदराबाईंनी मागच्या सीटवर अनारशांचा डबा आणि दिवा ठेवला, जावयांचा फोन नंबर मागून घेतला आणि खिडकीतून हात घालून त्यांच्या गालावरून तो फिरवला आणि बोटं मोडली.

ओढा ओलांडल्यावर मी जरासा खाकरलो. "जावईबापू, या टेकडीमागून आणखी एक वाट..."

"हरकत आहे, मामा," जावई म्हणाले.

मग डांबरी लागेपर्यंत मी फक्त समोर बघत बसलो. खडकावरून उतरल्यापासून शोभाचे अकरा फोन येऊन गेले होते. रेंज आल्यावर मी तिला "गाडी फसली होती, आता निघाली" एवढंच सांगितलं. जेवणाचं बोललो नाही. वाटेत आम्ही कट केला. टॉवेल-टोपी डिकीत, डबा सीटखाली, दिवा माझ्या पिशवीत टेपाशेजारी. घरी गेल्यावर जावयांनी नीट पाटावर बसायचं आणि होईल तेवढं खायचं. पापभीरू माणूस, पण सासूबाईंसाठी तयार झाला.

सहाला दहा कमी असताना आम्ही दारात उतरलो. ऊन अजून गच्चीवर होतं. शोभा उंबऱ्यात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. रागावली नाही. "दिवस आहे अजून," एवढंच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी बघून मला स्वतःला कुठंतरी पुरून घ्यावंसं वाटलं. तिनं कुंकवात बोट बुडवलं, जावयाच्या कपाळाकडं नेलं आणि तिथंच थांबली.

कपाळावर जागाच नव्हती. आम्ही टोपी लपवली, डबा लपवला, दिवा लपवला. कपाळ तसंच राहिलं होतं. रुपयाएवढं ठसठशीत कुंकू आणि त्यावर अकरा-बारा अक्षता.

"हे कुणी लावलं?" शोभानं विचारलं. तिचं बोट हवेतच होतं.

मी म्हणालो, "वाटेत एक देऊळ..."

"मामी," जावई म्हणाले, "मी जेवलो. सात खाल्ले." आणि उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी दगडापासून टोपीपर्यंत सगळं सांगून टाकलं. कुठंही तिखटमीठ नाही. एखादा प्रयोग लिहून काढावा तसं, क्रमानं.

स्वाती तोंडावर पदर धरून हसत होती. शोभा हसली नाही. तिनं ताट खाली ठेवलं, पायरीवर बसली आणि जावयाला विचारलं, "त्या बाईंचे जावई आलेच नाहीत?"

"नाही आले."

"मग बरं केलंत." तिनं ताट पुन्हा हातात घेतलं. मग उठली, जावयाच्या कपाळावर त्याच कुंकवाशेजारी स्वतःचं बोट टेकवलं आणि म्हणाली, "चला, माझ्या हातचा एक घास घ्या. महिना संपायच्या आत."

जावयांनी दीड धोंडा खाल्ला. दुसऱ्याच्या मध्यावर त्यांना घाम फुटला तशी तिनंच ताट बाजूला सरकवलं. उरलेले साडेएकोणीस धोंडे आम्ही पुढं दोन दिवस खात होतो. मग ती माझ्याकडं वळली.

"बत्तीस वर्षं लोकांना हद्दी दाखवल्यात," ती म्हणाली, "आणि स्वतःचा जावई दुसऱ्याच्या गटात लावून आलात."

मी त्यावर हरकत घेतली नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला जावयांचा फोन वाजला. सुंदराबाई होत्या, पोहोचले का विचारायला. शोभानं फोन मागून घेतला. मी कान टवकारून बसलो. भांडण होईल असं वाटत होतं, पण पुरणात जायफळ घालायचं की नाही इथून बोलणं सुरू झालं आणि तासभर चाललं. शेवटी दोघींनी आपापसांत ठरवून टाकलं की जावई आता दोन्ही घरचा, सीताफळं निघाली की स्वातीला घेऊन तिकडं जायचं.

फोन ठेवून शोभा म्हणाली, "गंगाराम भाऊजी सोयाबीन निघालं की तिथली गाडीवाट मोकळी करणार आहेत. जावयाची गाडी दारापर्यंत आली पाहिजे म्हणाले."

मला खरोखर भरून आलं. तीस वर्षांची चूक दुरुस्त करायची संधी कुणाला मिळते? मी खुंटीवरची पिशवी काढली. "सांग त्यांना, मी स्वतः येतो. नव्यानं मोजतो, दगड योग्य जागी रोवतो, कुठं..."

"त्याबद्दल बोलले ते," शोभा म्हणाली. "मोजायला दुसरा माणूस बघणार आहेत. तुम्हाला नुसतं जेवायला बोलावलंय."